राजधानी गेली तो मंगळवार

बेलग्रेड, फेब्रुवारी २००३

प्रिय वुकोटा,

अक्षर माझं आहे म्हणून हे पत्र न वाचताच चुलीत घालू नकोस. आधी वाच, मग खुशाल घाल. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे संत निकोलाच्या सणाला जेवता जेवता राजकारण निघालं, तू ग्लास आपटून उठलास आणि म्हणालास, "हे शहर माझी राजधानी आहे तोवर या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही." आपल्या डोंगरातला माणूस पाय मोडून घेईल, पण शपथ मोडणार नाही, हे मला का ठाऊक नाही? तेव्हापासून दर सणाला तुझी ल्यूबिंका वहिनी तुझी खुर्ची मांडते आणि मी तिकडे न बघता सूप वाढत राहतो.

तर इथली बातमी. मागच्या मंगळवारी आपला देश संपला. आपल्या डोंगरातल्या कोलाशिनहून येऊन ज्या खानावळीत मी ताटं धुतली आणि आज जिच्या गल्ल्यावर बसतो, ती संसदेच्या इतकी समोर की तिथला खोकलाही मला ऐकू येतो. मला आपलं वाटायचं, देश संपला की काहीतरी आवाज होईल. घंटा वाजेल, निदान तोफ. तसलं काही नाही. खासदार आले, राजम्याचं कालवण ओरपलं, मिरची जास्त झाली म्हणून कुरकुरले, परत जाऊन त्यांनी हात वर केले आणि युगोस्लाव्हिया नाहीसा झाला. मी एप्रनला हात पुसत बाहेर आलो. थंडी अशी की श्वास दिसावा. संसदेपुढच्या पुतळ्यातले काळे घोडे तसेच उधळलेले. थांब्यावर एक म्हातारी कोबीची पिशवी घेऊन बसची वाट बघत होती; ज्या देशात ती थांब्यावर आली, त्या देशात ती बसमध्ये चढलीच नाही, आणि तिला पत्ताही नाही. वुकोटा, मी टोपी काढली. कुणासाठी, ते अजून कळलेलं नाही. माझ्या आईने एकाच अंगणात बसून किती राज्यं पाहिली, आणि ती म्हणायची की झेंडा कुठलाही असो, गाईला तो दिसत नाही. त्या दिवशी मला तिचं म्हणणं पहिल्यांदा भीतीदायक वाटलं.

संध्याकाळी वकील तादिया आला. नव्या घटनेच्या मसुद्यावर महिनोन् महिने बसलेला माणूस. त्याच्या ग्लासात राकिया ओतता ओतता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आता राजधानी कुठली? तो हसला. "कुठलीच नाही, मालक. तुमचं डोंगरातलं आणि हे इथलं, दोन राज्यं नुसता हात धरून उभी आहेत. संसद इथे बसेल, न्यायालय तिकडे तुमच्या पोद्गोरित्साला. राजधानी हा शब्दच घातलेला नाही." आमचा वेटर मिलून म्हणाला, मग भाडी उतरतील म्हणायची. सगळे हसले. मी तादियाकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. या शहराच्या दोन नद्या, मंत्रालयं, एवढा तोरा, आणि त्यातून एक शब्द काढून घेतला तर कौलसुद्धा हललं नाही. हसू ओसरल्यावर खानावळीत सगळ्यांचे चेहरे पडले. मी एकटाच मनात हिशेब जुळवत होतो.

आता खरं काम सांगतो. आमच्या पोराला, द्रागिशाला मुलगी झाली. माझ्या लग्नात मागे उभा राहिलास तो तू, द्रागिशाचा बाप्तिस्मा झाला तो तुझ्या हातून. आमच्या घराचं कूमपण, लग्नातली साक्ष असो की बाळाचं धर्मपितेपण, तुमच्या घराकडे, आणि बाळाला नाव द्यायचं ते कूमानेच. शेजारचे कर्नल आपणहून म्हणाले, मी कूम म्हणून उभा राहतो. द्रागिशाने त्यांना कॉफी पाजली आणि सांगितलं, "काका, घटना बदलता येते. कूम नाही." म्हणून पोर बिननावाची आहे. नोंदणीवाली बाई ओरडते, पाद्री विचारतो, आम्ही तिला 'ए मुली' म्हणतो आणि ती मान वळवते. बेलग्रेड आता तुझी राजधानी नाही, वुकोटा. नुसतं मी राहतो ते गाव आहे. तेवढ्या गावात तर तू येशील? मात्र घाई कर. हे समोरचे लोक तो शब्द परत कधी लिहून टाकतील, त्यांचा नेम नाही.

खुर्ची न हलवता वाट बघणारा,
तुझाच,
रादोयित्सा