राणीच्या गालाखालचे ठिपके

आबा,

इंग्लंडच्या एका जुन्या राणीची लबाडी गेल्या आठवड्यात मी पकडली आणि आठवण तुमची आली. लाकडी फळीवर रंगवलेलं तिचं चित्र तपासणीसाठी आमच्या दुबईच्या लॅबमध्ये आलंय. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने रंगाच्या आत पाहिलं, तर गालावर, नाकावर कोळशाच्या ठिपक्यांची रांग! म्हणजे सुईने टोचलेल्या कागदी खाक्यावरून उतरवलेला चेहरा. चित्रकाराने राणीला बघितलंही नसेल. दरबाराने मंजूर केलेला एकच चेहरा सगळ्यांनी उतरवायचा. राणी म्हातारी झाली तरी चित्रातले गाल तसेच.

तुम्हीही स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून गावातल्या गेलेल्या माणसांची चित्रं रंगवायचात. फोटोवरून चेहरा उतरवलेला कागद सुईने टोचायचा, त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपके उमटायचे. एकदा दोन घरच्या आज्यांना तुम्ही एकच खाका वापरलात, नुसती नथ बदललीत. मी सोळा वर्षांची, फणकारून म्हणाले, "ही फसवणूक आहे." ब्रश न थांबवता तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे फोटोच नाही गो. भिंत रिकामी ठेवू?" मी विचारलं, "मग आईचं चित्र?" तुम्ही ब्रश धुवायला घेतलात. आईचाही फोटो नव्हता, आणि ती गेली तेव्हा मी दीड वर्षाची. मी आठवीत असताना तुम्ही ते रंगवलं होतंत.

तेच चित्र आता इथे दुबईत, अल कुसैसच्या आमच्या घराच्या हॉलमध्ये आहे. मुलगी विचारते, "इज दॅट रिअली आजी?" मी हो म्हणते आणि तिला होमवर्कला बसवते.

परवा न राहवून ते लॅबमध्ये नेलं. माझा मल्याळी सहकारी स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, डॉट तो एक भी नहीं. पेन्सिल है. नाक चार बार मिटाया है."

आबा, माझं डोकंच चालत नाहीये. उसना चेहरा नाही म्हणून आनंद मानू, की तुम्ही तिला विसरला होतात म्हणून रडू? मी दोन्ही केलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. त्या खोडलेल्या नाकांतलं एक हुबेहूब माझं आहे. ते माझ्याकडे बघून काढलंत, की तिला आठवून? आठवून काढलं असेल, तर खोडलंत का?

तुम्हीही गेलात, हे पत्र कुठे पाठवणार! कबूल करते, तो स्कॅन मुलीला दाखवायची हिंमत होत नाही. ती सहज "दॅट्स यू, आई" म्हणाली, तर इतकी वर्षं रोज आरशात मी आईला बघत होते आणि ओळखलं नाही, असं होईल.