उपासाला चालतं

२ फेब्रुवारी २००३, रविवार

घरी आलो. गळ्याला टाके, आवाज बेडकाचा. गाठ साधी निघाली, पण डॉक्टर मॅडमनी थायरॉइड अख्खाच काढून टाकला. म्हणाल्या, तो जे करत होता ते आता गोळी करणार. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. जन्मभर ही डॉक्टर लोकांची बोलायची पद्धत असते.

आजपासून रोजनिशी. गोळी, व्यायाम, वजन, सगळं शिस्तीत. इतकी वर्षं 'राजनंदिनी फूटवेअर' चालवतोय, एवढीशी गोळी चालवायला काय लागतंय.

एकच भानगड झाली. मी आत टेबलावर आडवा असताना शालननं बाहेर बाकड्यावर बसून नवस बोलला. हे सुखरूप बाहेर आले की जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून चालत चढतील, आणि ते चढूस्तोवर मी पायात चप्पल घालणार न्हाई. म्हणजे चढायचं मी, अनवाणी ती. बायकोनं नवरा न विचारता देवाला कबूल करून टाकला. अर्थात विचारणार कशी, मला भूल दिली होती.

चप्पलच्या दुकानदाराची बायको अनवाणी! बरं दिसत नाही. महिन्याभरात उरकून टाकतो.

४ फेब्रुवारी

उपाशीपोटी या शब्दावर नीट विचार केला. उपाशी म्हणजे उपास. उपासाला जे चालतं ते गोळीला चालतं, सरळ आहे. दूध चालतं. शेंगदाण्याचा लाडू चालतो. केळं चालतं. चहा तर कडक एकादशीलासुद्धा चालतो. डॉक्टरांना विचारायची गरज नाही, त्यांना आधीच गर्दी.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर गेलो. बाळासोनं समोर म्हैस पिळून ग्लास दिला, वर दोन बोटं फेस. त्याच्याबरोबर गोळी. नुसत्या पाण्याबरोबर घेऊन अंगाला काय लागणार? बाळासो म्हणाला, बरोबर हाय मालक, दुधातनं औषध हाडापर्यंत जातंय. बाळासो अनुभवी माणूस, घरी तीन म्हशी.

शालननं विचारलं, गोळी उपाशीपोटी घेतली न्हवं? घेतली म्हणालो. यात खोटं काही नाही.

२ मार्च

टाके भरले. उद्यापासून रंकाळ्याला पूर्ण फेरी, रोज. पंधरा दिवसांत दम तयार होतो. मग डोंगर म्हणजे काय, जिनाच.

३ मार्च

फेरी झाली नाही. पहिल्या बाकावर जरा टेकलो तो एका गृहस्थानं हलवून उठवलं. त्यांना वाटलं मी गेलो. ऑपरेशनचा अशक्तपणा. दूध वाढवायला पाहिजे.

२३ मार्च

मेव्हण्यानं आजऱ्याहून काजू पाठवले. काजू उपासाला चालतात. आजपासून गोळीबरोबर मूठभर.

मध्ये दोन-तीन दिवस जरा हुशारी वाटली, तर गोळी घेतली नाही. बऱ्या माणसानं औषध घेणं म्हणजे शरीराला वाईट सवय लावणं.

१६ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

जोतिबाची यात्रा. सगळं कोल्हापूर डोंगरावर, मी खाटेवर. आज चढणार म्हणून काल रात्री पिशवी भरून ठेवली होती. सकाळी उठलो, पिशवी उचलली, दम लागला, परत ठेवली. गर्दीत चेंगराचेंगरीची भीती असते, असं शालनला सांगितलं. ती म्हणाली, डोंगर काय पळून जातोय व्हय? तब्येत आधी. आणि गॅलरीत जाऊन लांबूनच हात जोडले.

दुपारी भाजी घेऊन आली तेव्हा पाहिलं. डांबर तापलं की ती कडेच्या सावलीनं चालते, आणि सावली संपली की पळते. पंचेचाळिशीची बाई मंडईच्या रस्त्यावर पोरीसारखी पळते. मी खिडकीतून आत सरकलो. तिला दिसायला नको की मला दिसलं.

येत्या रविवारी नक्की.

११ मे

अंग जड. थंडी वाजते. मे महिन्यात स्वेटर घालून दुकानात बसलो, पोरं हसतात. पोट साफ नाही. गिऱ्हाइकाचं नाव तोंडावर येऊन परत जातं.

पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, जो तो म्हणतोय तब्येत सुधारली. चेहरा भरला, पोट आलं. शेजारचा गुंडू बेल्टवाला म्हणाला, ऑपरेशन मानवलं की तुम्हाला! म्हणजे दूध लागतंय. मग थकवा कशाचा? गोळीच हलकी असणार. हल्ली कंपन्या गोळीत खडू घालतात म्हणे.

मॅडमनी रक्त तपासलं. थायरॉइडचा आकडा उतरायला पाहिजे तसा उतरलेला नाही म्हणाल्या, गोळी वाढवली. रोज घेता ना, उपाशीपोटी? विचारलं. मी जरा दुखावल्यासारखा चेहरा करून हो म्हणालो.

१४ जून

शाळेच्या बुटांचा सीझन. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मी एका पोराच्या डाव्या पायात उजवा बूट घालत होतो, त्याची आई ओरडली तेव्हा कळलं. नंतर गोदामात जरा पाठ टेकली. खोक्यांवर. उठलो तर दिवे लागले होते. दिवसभर गल्ल्यावर शालन, बूट काढून दाखवायला शालन, आणि आता घरी जाऊन भाकऱ्या थापायलाही शालनच.

एका पावण्यानं तिला विचारलं, वहिनी, दुकान घरचं आणि पाय रिकामे? ती हसून म्हणाली, नवस हाय. पावणा बायकोला हळूच म्हणाला, चल पुढच्या दुकानात, हितं मालकिणीला पण माल पटत न्हाई.

हा नवस धंद्याला बरा नाही. तिला सांगून बघतो, देवाला कळवून चप्पल घाल म्हणून.

१५ जून

सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही आत हुता तवा कोण बसलंतं माझ्याजवळ? त्योच की. त्याला फशिवू व्हय?



१४ जुलै

पाऊस धो धो. शालनच्या दोन्ही पायांना चिखल्या झाल्यात. बोटांच्या बेचक्यात मांस पांढरं पडलंय. रात्री हळद-तेल लावत बसते. मी बघितलं की पाय साडीखाली घेते. लेक राजनंदिनी कॉलेजातून आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, पप्पा, अजून किती? मी म्हणालो, पावसात डोंगर निसरडा असतो बाळ. तिनं दप्तर आपटलं.

तिचं बरोबर आहे. मला लाज वाटते. लाज वाटली की झोप येते. झोपून उठलं की परत लाज वाटते.

उद्यापासून दोन ग्लास दूध.

१० ऑगस्ट, श्रावणातला रविवार

झालं. जाऊन आलो.

इथं कोणी वाचणार नाही म्हणून सविस्तर लिहितो. सुरुवात खरोखर पायथ्यापासूनच केली. चांगभलं म्हणून निघालो. पहिल्या वळणापर्यंत पायात जशी वाळूची पोती. दगडावर बसलो. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन पुढं गेली, जाता जाता म्हणाली, बसा पावणं, देव कुठं जात न्हाई. तेवढ्यात मागून वडापची भाड्याची जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, एक शीट हाय. भर श्रावणात वडापला एक जागा मोकळी! ती माझ्यासाठीच पाठवलेली असणार, असं समजून बसलो.

दर्शन घेतलं. देवाला सांगितलं, थोडं चाललो आहे, बाकीचं सांभाळून घ्या. देव काही बोलला नाही. गुलाल नेहमीपेक्षा जास्त लावून घेतला. दवणा घेतला.

घरी आलो तर शालन दारात गरम पाण्याची घागर घेऊन उभी. चालत आलेल्याचे पाय धुवायचे असतात म्हणे. मी नको नको म्हणालो. तिनं धुतलेच. पोटऱ्या चोळत म्हणाली, लई दमलं असतील न्हवं पाय? आणि रडायला लागली. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

११ ऑगस्ट

सोमवार, दुकान बंद. तरी कुलूप काढून तिच्यासाठी चांगली कोल्हापुरी आणली, पाच नंबर. लग्नापासून तिचा नंबर पाच. पाय आत जाईना. सहा महिन्यांत पाय पसरलाय. परत जाऊन सहा नंबर आणला.

तिनं घातली आणि अख्ख्या गल्लीत फिरून आली. आमचं हे चढलं की डोंगर, असं प्रत्येक दारात सांगून. नवी चप्पल करकर वाजते. स्वयंपाकघरात करकर, गॅलरीत करकर. मी उशी कानावर घेतली.

आता सगळं सुरळीत झालं. तब्येत सुधारली की एकदा गुपचूप चालत जाऊन येईन. म्हणजे फिटंफाट. देवाला मागचं-पुढचं एकच.

२५ ऑगस्ट

आज लिहायचं नव्हतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

मॅडमकडे गेलो. शालन बरोबर आली, नवी चप्पल घालून. बाहेर चपला काढून आत गेलो. मॅडमनी नवा रिपोर्ट वाचला, परत पहिल्यापासून वाचला. म्हणाल्या, हा आकडा पाचच्या आत पाहिजे, तुमचा नव्वदच्या वर आहे. मी काही म्हणायच्या आत शालन कौतुकानं म्हणाली, पर आता बरं हाय मॅडम, पंधरा दिवसामागं जोतिबा चालत चढलं की हे, पायथ्यापासनं!

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, या रिपोर्टचा माणूस माझा जिना चढून आला, हेच मला विशेष वाटतंय.

मी छताचा पंखा बघत होतो.

मग विचारलं, गोळी कशी घेता, सगळं सांगा. इथं मात्र माझं काही लपवायचं नव्हतं, म्हणून सगळं सांगितलं. दूध धारोष्ण, लाडू, काजू, केळं, वर चहा. जे जे उपासाला चालतं तेवढंच, बाकी तोंडात एक कण नाही. मधले सुट्टीचे दिवसही सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दुधानं गोळी पोटातच अडकते, अंगात भिनत नाही. उपाशीपोटी म्हणजे उपास नव्हे. फक्त पाणी, आणि नंतर तासभर काहीही नाही. सुट्टी तर नाहीच. सहा महिने तुमचं शरीर गोळीची वाट बघत बसलंय.

मी विचारलं, कोरा चहा? नाही म्हणाल्या.

बाहेर आलो. शालन आपल्या चपलांवरून पुढं निघून गेली, जिना उतरायला लागली. मी म्हणालो, शालन, चप्पल राहिली. मागं न बघता म्हणाली, माझी न्हवं ती.

चपला उचलल्या आणि तिच्या मागून गेलो. तळातून अजून नव्या होत्या.

२६ ऑगस्ट

ती बोलत नाही. वडापचं कबूल केलं. बाकी बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या. शब्दच चुकीचा आहे, डॉक्टरांनी 'पाण्याबरोबर' असं स्पष्ट म्हणायला पाहिजे होतं. बाळासोनंही दुजोरा दिला होता. रिपोर्टात चूक असू शकते.

संध्याकाळी एकदाच बोलली. दुधाचं मला काय न्हाई. न्हाई समजलं, न्हाई समजलं. वडापात बसलासा, त्याचंबी काय न्हाई, जीवात जीव नव्हता. पर माझ्याकडनं पाय धुऊन घेतलासा, त्याचं बोला.

 

३१ ऑगस्ट, रविवार

गोळी पाण्याबरोबर घेतली. शालन समोर बसून राहिली, घड्याळ मांडीवर घेऊन. तासभर. तिनंही चहा घेतला नाही.

मग निघाली. खोट्या नवसावर चप्पल घातली म्हणून आता ती स्वतः डोंगर चढून माफी मागणार होती. माझ्या वतीनं नव्हे, तिच्या स्वतःच्या चपलेची. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, तुमच्यानं व्हायचं न्हाई अजून, मॅडम म्हणाल्या दोन महिने तरी जातील. हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी वडापनं वर जाऊन थांबलो. पिशवीत सहा नंबर. शेवटच्या पायरीशी ती आली, घोट्यापर्यंत चिखल, चेहरा लाल. दर्शन झाल्यावर मी दुकानात गिऱ्हाइकासमोर बसतो तसा खाली बसलो आणि चप्पल तिच्या पायांपुढं जोडून ठेवली. आयुष्यभर हजारो बायकांपुढं असा बसलोय. तिच्यापुढं कधी बसलो नव्हतो.

तिनं पाय पुढं केला नाही. म्हणाली, माझं फिटलं. तुमचं ऱ्हायलंय की. ठेवा पिशवीत.

उतरताना मात्र मी तिच्याबरोबर पूर्ण चालत उतरलो. उतरणं नवसात धरतात का, असं विचारलं. न्हाई म्हणाली. पण पुढं जाऊन प्रत्येक वळणावर थांबत होती.

घरी आल्यावर ठरवलं, आज तिचे पाय मी धुणार. चालत आलेल्याचे धुवायचे असतात. ती देवघरात होती तोवर गॅसवर पाणी ठेवलं, आणि ते तापेपर्यंत खुर्चीत जरा टेकलो.

जाग आली तर गॅस बंद होता. पातेलं रिकामं. माझ्या अंगावर स्वेटर टाकलेला. मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. दुकानदाराची नजर, लांबूनच कळलं. सहा नंबर.