पेरणी यंत्र, खताच्या पेट्या आणि धाकट्याची सही

मी, खाली सही करणारा, सगळे ज्याला 'पानेदादा' म्हणून ओळखतात तो, वय वर्षे शहात्तर, धंदा शेती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असल्यास पत्नीला विचारावे. ती उलट सांगेल, ते मनावर घेऊ नये.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे, तिच्यामागे दोन्ही मुलांचे समान. स्वयंपाकघराची खिडकी कोणी बुजवू नये. तिथून तिला शेड दिसते.

२. बँकेतली ठेव मुलाला. तो शहरात नोकरी करतो, शेतावर पाहुण्यासारखा येतो. त्याबद्दल माझा राग नाही. होता, आता नाही.

३. शेत आणि शेडमधले पेरणी यंत्र लेकीला, कारण मातीत हात घालणारी तीच आहे. यंत्र वडिलांनी घेतलेले, चार ओळींचे. ते नुसते बी पेरायचे; खत आई डब्याने टाकत मागून चालायची. तिची कंबर धरू लागली तेव्हा मी आणि धाकट्या भावाने यंत्राला खताच्या पेट्या बसवायचे मनावर घेतले. तेलाची जुनी पिंपे कापून चार पेट्या केल्या, चौकटीला पट्ट्या जोडल्या, आसावर आणि पेट्यांवर दातेरी चक्रे चढवून चेन लावली, प्रत्येक फाळाशी एकेक नळी सोडली. वेल्डिंग धाकट्याचे. पट्ट्या चौकटीवर अजून आहेत, त्याचा एकही टाका सुटलेला नाही. त्या दिवसांत आम्ही जेवायचोही शेडमध्येच. तो बेसूर गायचा, मी पाना उगारायचो, आणि आई दारात उभी राहून हसायची. तेवढे सुख मला पुन्हा लाभले नाही.

पहिल्याच पेरणीत मका करपला. खत बियाच्या अंगावर पडले होते. ते दोन बोटे बाजूला आणि दोन बोटे खाली पडावे लागते, नाहीतर कोंब जळतो.

मी म्हणालो, "नळ्या तू सरळ सोडल्यास."

तो म्हणाला, "दादा, पेटीवरचं चक्र तू लहान घातलंस. खतच दुप्पट पडलं."

शब्दाने शब्द वाढला आणि वाटण्या झाल्या. यंत्र माझ्याकडे राहिले, पेट्या तो नळ्यांसकट उतरवून घेऊन गेला. तेव्हापासून बोलणे बंद. आई पुन्हा डबा घेऊन यंत्रामागे चालू लागली, ते आठवले की आजही घास उतरत नाही. तरी चूक नळ्यांचीच होती, हे मी या कागदावरही खोडणार नाही.

४. पाने, पकडी आणि ऐरण जावयाला. घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायला तो शिकला तरच.

५. धाकट्या भावाला काहीही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण लोक नावे ठेवतील. वेल्डिंगचे मशीन त्याला द्यायचे मनात होते. पण वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार करू नका. उद्या कोणी वाद घालेल." आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. साक्षीदाराला माझ्यासमोर बसावे लागते, मी सही करताना बघावे लागते. दुसऱ्या कशासाठी तो माझा उंबरठा चढला नसता. लेकीबरोबर निरोप धाडला आहे. तो न आल्यास हा कागद बिनसहीचाच राहू द्यावा.

ठिकाण: शेड, यंत्राशेजारी.
दिनांक: पेरणीच्या तोंडावर, रविवार.

सही: पानेदादा

साक्षीदार पहिला: शेजारचे कंपाउंडर. सही केली.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सगळे वाचले. चक्र दादानेच लहान घातले होते, बाकी मजकूर खरा. दादाने सही माझ्यासमोर केली. कागद मी धरला. पेट्या बाहेर टेम्पोत आहेत. नळ्या दोन बोटे बाजूला वाकवून आणल्या आहेत.