सुलतानपूरच्या रानात फुटलेली सुपारी

तीर्थस्वरूप सिंधूताईस, धाकट्या रमाकांतचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच काऊन, ते पुढं येईल.) गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी घेतली का? नसंल तर आधी घे, मग पुढं वाच. फोनच केला असता, पण फोनमधून तुझा आवाज येतो.

डॉक्टरनं मले शुगरसाठी रोज चालायले सांगितलं, हे तुले माहीत आहे. तुझा विहंग म्हणाला, "मामा, बुलडाण्यात त्याच रस्त्यानं काय फिरता? लोणारले हैदरचाचाकडे जा, तिथून सुलतानपूरले अर्जुनरावकडे. मोकळी हवा, जुने दोस्त." एस.टी.चं तिकीटही त्यानंच काढून दिलं. पोरगं किती गुणाचं, असं वाटलं मले.

लोणारले हैदर मले सरोवरात खाली घेऊन गेला. काठावरून पाहिलं तर अख्खं पाताळ! तो मोर दाखवून राह्यला होता, मी पाय कुठं ठेवू ते पाहून राह्यलो होतो. झाडीत एक वांदर पिशवीकडे असं पाहून राह्यलं की मी आपणहून केळी देऊन टाकली. (समोरच्याले नाही म्हणणं माझ्यानं होत नाही, मग ते वांदर का असेना.) खालची देवळं सुंदर आहेत म्हणे. मी डोळे मिटून एका पायरीवर बसलो होतो.

सुलतानपूर सपाट, म्हणून जीव भांड्यात पडला. अर्जुनराव माझा नोकरीतला जुना सोबती. सकाळीच रानात घेऊन गेला. इकडे तूर फुललेली, तिकडे कापूस फुटलेला, मधात काळ्या मातीची पायवाट. पण चालता चालता मागं माणसं वाढून राह्यली. आधी त्याचा भाऊ, मग सासरा, मग दोन फेटेवाले. मले वाटलं, यायलेही शुगर असंल. जो तो "मामा, मामा" करे आणि विहंगची नोकरी विचारे. चौकस गाव आहे, म्हटलं. आंब्याखाली सतरंजी, पोहे, शाल, टोपी, नारळ. पाहुण्याले टोपी घालतातच, मी घालून घेतली. मग ताटात अडकित्ता अन् सुपारी पुढं आली. "फोडा मामा!" मले पानाची सवय. फोडली.

ताई, टाळ्या वाजल्या अन् तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चार माणसांत मुलाच्या मामानं सुपारी फोडली की सोयरीक पक्की! अर्जुनरावची लेक रेवती आपल्या विहंगले ठरली. अन् तू याच भाऊबीजेले सगळ्यांदेखत बजावलेलं, "सून मी पारखून आणीन, मधात कोणी तोंड घालायचं नाही." फुटलेली सुपारी जोडता येत नाही अन् पळून जावं तर अर्जुनराव दारातच खाट टाकून बसला आहे. पोरगी चांगली आहे, पण ते राहू दे. तू बोलणं टाकलंस तर मी कोणाकडे जाऊ? मले तू एकच आहेस.

तुझा (अजून म्हणू देशील तर) रमाकांत

ता. क. निघताना रेवती पाया पडली अन् हळूच म्हणाली, "मामा, विहंगले कळवते, काम झालं." दोघं अकोल्याले एकाच कॉलेजात होते म्हणे. कान धरायचा तर त्याचा धर.

आणखी ता. क. हे पत्र तुझ्या हातात देणारा हैदर, येताना लोणारहून सोबत घेतला. त्याच्यामागं टोपी सावरत उभा आहे तो अर्जुनराव, तुझा व्याही. रागव, पण आधी पाणी विचार.

शेवटचं. मी तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीशी उभा आहे. त्यायले आत घेतलंस की खिडकीतून मलेही हात कर. हात नाही केलास तरी चालंल ताई, खिडकी तेवढी लावू नको.