कलकत्त्याचे नऊ, आमचे आठ

२ डिसेंबर १९५२
लेकीची, हंसाची तार. तेरा तारखेला, शनिवारी सकाळी नऊला वसईच्या पोस्टात ट्रंक कॉल करते, दिनूच्या शाळेचं ठरवू. ठरवायचं काय त्यात? नातू इथे सांडोरला, माझ्याजवळ. आर्या, साकी, दिंडी, सगळी वृत्तं चालीवर शिकवीन. कलकत्त्यात काय शिकेल? मासे-भात खाऊन दुपारभर लोळायला. रुक्मिणी म्हणाली, आपण काय गवत खातो?

४ डिसेंबर
दोन्ही गावांच्या स्वभावाचा विचार केला. कलकत्त्याचा स्वतःचा टाइम होता. चार वर्षांपूर्वी सोडा म्हटलं, सोडला मुकाट्याने. मी घरचं घड्याळ अजून जुन्या मुंबई टाइमवर ठेवलंय, स्टँडर्डच्या चाळीस मिनिटं मागे. याला म्हणतात कणा.
शेजारचा पॉल केळींना पाणी लावताना रोज विचारतो, काय मास्तर, तुमचे किती वाजले आज? शाळेत त्याला एक श्लोक पाठ झाला नाही.

९ डिसेंबर, सकाळ
नऊ म्हणजे कुणाचे नऊ? तिथे सूर्य तासभर आधी उगवतो. उतावळी माणसं, त्यांचा सूर्यही तसलाच. तेव्हा हंसाचे नऊ ते आपले आठ. पाटीवर आकृती काढून रुक्मिणीला समजावलं. ती म्हणाली, ट्रंक पोस्टात येणार, तर नऊ पोस्टातल्या घड्याळाचे. भूगोल तिला कधीच आला नाही.

१२ डिसेंबर
उद्या ट्रंकवर म्हणायला चार ओळी रचतोय. पहिलीत केळीचं पान डोलतं. चौथीत नातू परततो. मधल्या दोन व्हायच्यात.
दिनूसाठी माझ्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकून ठेवली.

१३ डिसेंबर, घरी परतल्यावर
बरोबर आठला पोस्टात. भिंतीवर म्हणे आठ चाळीस. ट्रंकचा पत्ता नाही. पाच मिनिटं थांबलो. आणखी पाच, केवळ हंसाखातर. ताटकळत ठेवणं हा त्या शहराचा स्वभावच. इथला माणूस शब्द दिला की दिला.
रुक्मिणीला म्हटलं, चल. ती म्हणाली, अहो, अजून नऊ कुठे झालेत? माझे गुडघे धरलेत, मी बसते. बस म्हटलं. मी ताठ मानेने निघालो. गरज असेल तर करतील पुन्हा.

त्याच दिवशी, दुपार
रुक्मिणी आली. ट्रंक नऊलाच आला.
हंसाने विचारलं, बाबा कुठेत? ही म्हणाली, कंटाळून घरी गेले. मग हंसा म्हणाली, समजले मी, दिनूचं ओझं त्यांना नको असेल. सोमवारी इथेच शाळेत घालते. मी रुक्मिणीला म्हटलं, तू सांगायचंस ना! ती म्हणाली, काय सांगू? ट्रंकच्या तीन मिनिटांतलं एक तर रडण्यातच गेलं तिचं.
तार करता येईल अजून. पण कलकत्त्याच्या विनवण्या? मी नाही करणार.

संध्याकाळ
रुक्मिणी जेवण वाढता वाढता बोलली. शेवटी दिनू आला होता ट्रंकवर. आजोबांना ऐकवायची म्हणून बंगाली कविता पाठ केली होती त्याने. आजोबा नाहीत म्हटल्यावर तिलाच म्हणून दाखवली. ओळ संपायच्या आत लाइन तुटली.
तिला एक अक्षर कळलं नाही. चाल फार गोड होती, म्हणाली.
कोणती चाल, विचारलं. तिला सांगता येईना.