वासिंदचा नळ

प्रितम,

रजा टाकून मी वासिंदचा तो फ्लॅट पुन्हा बघायला चाललेय. रविवारी आपण गेलो तेव्हा नळाला धो धो पाणी होतं ना? माझ्या ऑफिसातली शुभा तिकडेच राहते. ती म्हणाली, रविवारी गिऱ्हाइकं येतात म्हणून बिल्डर टँकर मागवून टाकी भरून ठेवतो. म्हणून आज न कळवता जातेय. नळ मी स्वतः उघडून बघणार.

कुकरमध्ये डाळ आहे, भात तेवढा लाव. संध्याकाळी घरमालक नवीन भाडेकरूंना घर दाखवायला आणणार आहे. दार तू उघड. मागच्या वेळी ती बाई माझ्यासमोरच तिच्या कपाटासाठी आपली भिंत मोजत होती. मला पुन्हा नाही सहन होणार ते.

आणि एक. बदलापूर काढलं, नेरळ काढलं, पालघर काढलं, दर वेळी तू एकच म्हणालास, "आईला नाहूर सोडून करमणार नाही." आई माझ्यासोबत आहेत. आज पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी विचारलं, येता का म्हणून. माझी वेणी होईपर्यंत त्या चपला घालून दारात उभ्या होत्या.

शीतल