लॅपटॉप माझ्याच हाताला का विझायचा

अहो,

तब्येत कशी आहे? खोकला तिथे तरी थांबला का? सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? थोरल्या भावजींचा दमा? त्यांना म्हणावं, तुमची तपकिरीची डबी अजून टाकली नाहीये मी.

मी बरी आहे. मनगटसुद्धा. त्या मनगटाचीच गोष्ट सांगायला बसलेय, आणि बसलेय कुठे, तर तुमच्याच लॅपटॉपपुढे! एका बोटाने टाइप करतेय. हसू नका.

काल चाळीची पूजा झाली, तुमच्याशिवायची पहिलीच. महिनाभर आधी पूजेची वर्गणी गोळा करणारे दिनकर भावजी दारात येऊन उभे. "वैनी, गाऱ्हाण्याचा काय करूचा?" इतकी वर्षं पूजेला गाऱ्हाणं तुम्हीच घालायचात. खोलीखोलीचं मागणं देवापुढे ठेवायचं, आणि सगळ्या चाळीने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोणाच्या लेकीचं लग्न, कोणाची नोकरी, कोणाच्या सुनेची कूस. ते दुसऱ्या कोणाला पाठ असणार?

"कागदावर लिहून ठेवा" म्हणून मी किती डोकं फोडलं तुमच्याशी! तर तुमचं एकच, "लॅपटॉपात अक्षर मोठं दिसतं." पुतण्याने ऑफिसातला जुना दिला काय, आणि तुम्ही सगळी चाळ त्यात भरलीत काय!

उघडला मी तो. चित्र आलं. दोन अक्षरं दाबली आणि काळोख! हात काढला, परत उजेड. हात ठेवला, परत काळोख. चार्जर बदलून पाहिला. उजेड वाढवायचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. बॅटरी मारून काचेत डोकावले, पुसटसं काही दिसतंय का म्हणून. काही नाही.

शेवटी लालबागच्या दुकानात नेला. मी दोन अक्षरं दाबून दाखवली, काळोख झाला. त्या माणसाने हातसुद्धा लावला नाही. "डिस्प्ले गेला, मावशी. एवढ्या जुन्याचा आता मिळायचा पण नाही. टाकून द्या."

टाकून द्या! अख्खी चाळ टाकून द्या म्हणाला तो, त्याला काय माहीत!

घरी येऊन लॅपटॉप परत टेबलावर ठेवला. तर शेजारची मंदा आली. तिने सहज चार अक्षरं दाबली, आणि पडदा लख्ख! मी दाबली, काळोख. ती पुन्हा, लख्ख. हसून हसून वाकली मेली. "काकी, काकांचा लॅपटॉप तो! तुमचा हात लागला की लाजून डोळे मिटतो!"

मी हसले, पण डोक्यात तुम्ही बोललात. गिरणी बंद झाल्यावर तुम्ही आपलंआपण टीव्ही दुरुस्ती शिकलात, आठवतं? तुम्ही टीव्हीच्या मागे, मी पुढे आरसा धरून, म्हणजे तुम्हाला मागून चित्र दिसावं. "तू फक्त आरसा धर" म्हणायचात. मी आरसा धरता धरता सगळं ऐकत होते बरं का! "एका वेळी एकच वस्तू बदलायची, मग बिघाड स्वतः नाव सांगतो."

मग पाहिलं, मंदाच्या हातात नाही असं माझ्या हातात काय आहे? बांगड्या तिच्याही होत्या. राहिलं काय? तुम्ही दिलेलं चुंबकाचं कडं! माझं मनगट दुखतं म्हणून आणलंत, स्वतः माझ्या हातात घातलंत आणि वचन घेतलंत, "आंघोळीलाही काढायचं नाही." एकदा मी टीव्हीवर स्पीकर ठेवला होता, आणि त्याच्या चुंबकाने चित्राचे रंग बिघडले म्हणून तुम्ही मला केवढं बोलला होतात! आणि मलाच चुंबक घालून गेलात? मंदाच्या मोबाइलने सांगितलं, झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकानेच कळतं. म्हणजे माझा हात टेकला की त्याला वाटायचं, झाकण लावलं, झोपा आता!

खरं सांगू? कडं दोनदा अर्ध्यावर आणलं आणि परत मागे सरकवलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच काढत होते. "आता रागावू नका" म्हणून तुमच्या फोटोसमोर वाटीत ठेवलं.

पडदा विझला नाही. गाऱ्हाणं सापडलं. पहिल्या खोलीपासून एकेक नाव वाचत आले आपल्या चौदा नंबरपर्यंत. तिथे तुम्ही लिहिलंय, "आमचा सगळा बरा आसा, म्हाराजा. फक्त हिच्या हाताक आराम पडू दे."

दरवर्षी म्हणायचात हे? मोठ्याने? सगळ्या चाळीने ऐकलं, आणि मी कुठे होते, तर प्रसादाच्या शिऱ्याजवळ! एकदा तरी हाक मारायची होती.

दिनकर भावजींना म्हटलं, घ्या, वाचा. तर म्हणतात, "ता तुमीच घाला वैनी." बाईने गाऱ्हाणं घालायचं? पण कोणी नाक मुरडलं नाही. बदललेलं काय ते घरोघर जाऊन विचारून आले मी, आणि काल लॅपटॉप पाटावर ठेवून उभी राहिले. चौदा नंबरला तुमची ओळ वाचली नाही. मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हाताक आराम पडलो. आता त्यांचो खोकलो थांबू दे."

"व्हय म्हाराजा!" असं ओरडले सगळे की खालच्या दुकानदाराने वर पाहिलं. मंदा तर रडतच ओरडली.

आता वचन देते. गाऱ्हाणं कागदावर उतरवेन, पण लॅपटॉप टाकणार नाही. दर पूजेआधी खोलीखोलीत जाऊन विचारेन, तुमच्यासारखंच. आणि कडं फक्त टाइप करतानाच वाटीत राहील, एरवी हातात. आत्ता वाटीतच आहे, म्हणून पत्र इथवर आलं.

खोकला थांबला की नाही, ते मात्र लवकर कळवा. दोनच ओळी लिहा, पण अक्षर मोठं काढा.

तुमची आरसा धरणारी,
सुमन